भांडकुदळपणाचा पुरावा

कायद्याच्या चौथ्या वर्षाला असताना मला एक शोध लागला. मुंबईतल्या मोठ्या लॉ फर्ममध्ये सुट्टीत जाऊन राबायचं असेल, तर त्यासाठीसुद्धा अर्ज करावा लागतो आणि तो अर्ज नामंजूरही होतो. आमच्या शिवारात खुरपणीला बाई मिळावी म्हणून लोक भल्या सकाळी दारात उभे राहतात, आर्जवं करतात, वर जीपनं नेऊन सोडायचं कबूल करतात. आणि इथं मी आपण होऊन म्हणत होते, घ्या हो मला, पडेल ते काम करते. तर समोरून उत्तर यायचं की आपल्या अर्जाबद्दल आभारी आहोत, परंतु. त्या 'परंतु'च्या पुढचं वाचायचं मी सोडून दिलं होतं.

आमचं गाव तेरच्या जवळ. नाव सांगत नाही, कारण पुढं ज्यांच्याबद्दल सांगणार आहे ती सगळी माणसं अजून तिथंच राहतात आणि सणासुदीला मलाही तिथंच जायचं असतं. सकाळची एसटी धरून मी धाराशिवला कॉलेजला जायचे, संध्याकाळी परत यायचे, आणि त्या प्रवासातच माझी निम्मी वकिली शिकून झाली. खिडकीची जागा, सुटे पैसे, मांडीवर ठेवलेली कोंबडी, कुठल्याही विषयावर मी बाजू मांडत असे. घरात आई, अण्णा आणि चार-दोन शेळ्या. थोरली बहीण, आमची अक्का, लोहारा तालुक्यात दिलेली. ती दर उन्हाळ्यात विश्रांतीसाठी म्हणून माहेरी यायची आणि आल्या दिवसापासून वाळवणाला जुंपली जायची.

आमच्या कॉलेजातली बहुतेक मुलं पास झाली की जिल्हा कोर्टात एखाद्या वकीलसाहेबांच्या मागं फायली धरून उभी राहत. त्यात वाईट काही नाही. पण मला ते भलेमोठे करार वाचायचे होते, ज्यांत दोन कंपन्या पुढं कधीतरी होऊ शकणारी सगळी भांडणं आधीच भांडून ठेवतात. एका सरांनी तासाला असा एक करार दाखवला आणि मी पार हरखून गेले. भांडणाची एवढी पूर्वतयारी करणारी माणसं जगात आहेत आणि त्यांचं त्यावर पोटही भरतं, हे मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं. त्यांच्यात शिरायची वाट मात्र अरुंद होती. शेवटच्या वर्षाआधीच्या सुट्टीत इंटर्नशिप करायची, ती नीट केली तर ते पुढं नोकरीला बोलावतात. ती सुट्टी हुकली की हुकलंच. म्हणून त्या उन्हाळ्यात मला दुसरं काही सुचत नव्हतं.

पहिलं घोडं बायोडाट्याशी अडलं. स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्यानं जन्मात एकाच प्रकारचा बायोडाटा केलेला, लग्नाचा. वरती सोनेरी गणपती, खाली नाव, उंची, वर्ण आणि मामाचं गाव. मी म्हटलं, "दादा, नोकरीसाठी आहे हो." त्यानं जरा विचार केला, रास आणि नाडी खोडली, 'वर्ण गव्हाळ' मात्र तसंच ठेवलं. "गणपती ऱ्हाऊ द्या ताई," तो म्हणाला, "कुठंबी कामाला येतो." शेवटी कॉलेजच्या कॉम्प्युटरवर बसून मी माझा माझाच केला.

तो लिहिताना कळलं की लिहिण्यासारखं माझ्याकडं फार काही नाही. शहरातल्या मुलांचे बायोडाटे मी इंटरनेटवर चाळले होते. कुणी परदेशात जाऊन वादस्पर्धा जिंकलेल्या, कुणी घोड्यावर बसायला शिकलेलं. माझ्याकडं जनावरांतलं कौशल्य म्हणजे लाथ न खाता शेळीची धार काढणं. पण एक ओळ मात्र अस्सल माझी होती. 'गावातील विद्यार्थ्यांच्या वतीने ग्रामसभेपुढे बाजू मांडून सार्वजनिक अभ्यासिकेचा रिकामा ताबा मिळवला.' इंग्रजीत ती आणखीच भारदस्त दिसायची.

ते अर्ज रवाना झाले आणि उत्तरांची वाट बघणं सुरू झालं. काही फर्मा गप्पच बसल्या. काहींनी कळवलं की आपला अर्ज आमच्या नोंदीत राहील आणि योग्य वेळी संपर्क करू. मी अशी मेल आली की आनंदून अक्काला वाचून दाखवायचे. ती कुरडयांचा चीक हाटता हाटता ऐकायची आणि लगेच निकाल द्यायची.

"हे म्हंजे 'घरी इचारून कळवतो'," ती म्हणायची. "न्हाय म्हणतेत."

"अगं, चांगलं लिहिलंय. 'आपल्या गुणवत्तेनं आम्ही प्रभावित झालो.'"

"'पोरगी लाखात एक हाय, पर आमच्या पोराला आत्ताच करायचं न्हाय.' तसलं हाय ते. पुढचं वाच."

तिचा एकही निकाल चुकला नाही. लग्न जमवणाऱ्यांची आणि लॉ फर्मची नकार द्यायची भाषा इतकी सारखी असेल, हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं. अण्णा मात्र दर नकाराला म्हणायचे, "त्यांचंच नुकसान." हे वाक्य बापांना जन्मतः येत असावं.

आणि मग एका फर्मनं मुलाखतीला बोलावलं. तीही फोनवर, व्हिडिओ लावून. आमच्या घरात नेटवर्क फक्त माळवदावर, आणि तेही पाण्याच्या टाकीशेजारच्या कोपऱ्यात. नेमकं त्याच दिवशी आईनं माळवदभर जुन्या साड्या अंथरून कुरडया घातलेल्या. "मुलाखत दे, न्हायतर काय बी कर," आई म्हणाली, "पर कुरडईवर पाय पडला तर बघ." त्यामुळं वरती पांढरा सदरा आणि खाली उचलून खोचलेली सलवार अशा अवतारात मी टाकीपाशी उकिडवी बसले. उपड्या पाटीवर फोन टेकवला. खाली शेळी ओरडली की अक्का तिच्या तोंडात पाला कोंबत होती.

समोर दोघं होते. एक वयस्कर भागीदार साहेब आणि दुसऱ्या, माणसं नेमायचं काम बघणाऱ्या बाई. साहेबांनी करारांवरचे दोन-तीन प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. मग त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "ही अभ्यासिका काय भानगड आहे?"

मी सांगितली. शाळेशेजारी सरकारी पैशातून विद्यार्थ्यांसाठी एक खोली बांधलेली. किल्ली सरपंचांकडं. आत सरपंचांचं सोयाबीन, भाव वाढायची वाट बघत पोत्यांत पडलेलं. पहिल्या ग्रामसभेत मी विचारलं तर सरपंच म्हणाले, बघू. दुसऱ्या वेळी म्हणाले, तू अजून ल्हान हायेस. तिसऱ्या वेळी मी कायद्याचं कलम मोठ्यानं वाचायला लागले, तेव्हा चिडून म्हणाले, "तोंडाळ कारटी! अभ्यासिका कुणी बंद केलीय? बसा की जाऊन!" मी म्हटलं, सगळ्यांनी ऐकलं ना? परवानगी मिळाली, आता किल्ली द्या. दुसऱ्या दिवसापासून गावातली आम्ही सगळी पोरं-पोरी त्या पोत्यांवर बसून अभ्यास करायला लागलो. काही पोती खालून उसवली, सोयाबीन घरंगळत ओट्यावर आलं, कोंबड्या जमा झाल्या. आठवडा व्हायच्या आत खोली रिकामी.

साहेब इतके हसले की फोनमधलं चित्र हललं. "म्हणजे त्यांच्याच शब्दात त्यांना अडकवलंत," ते म्हणाले. "आम्ही इथं हेच करतो." मी खाली उतरले तेव्हा एकही कुरडई मोडलेली नव्हती. मला तो शुभशकुन वाटला.

त्या बाईंनी नंतर मेल करून दोन माणसांचे फोन नंबर मागितले, ज्यांच्याकडं माझी चौकशी करता येईल. एक कॉलेजातले आणि एक लहानपणापासून ओळखणारे, नात्यातले नकोत. कॉलेजातल्या एका सरांचा दिला, आणि दुसरा, फारसा विचार न करता, गुरुजींचा.

गुरुजी म्हणजे आमच्या गावच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचं घर गावाच्या तोंडाशी, एसटी थांबते तिथंच. आमच्याकडं सोयरीक करायच्या आधी समोरची मंडळी गुपचूप एक माणूस पाठवून शेजाऱ्यापाजाऱ्यांकडं चौकशी करतात. असा कुणीही पाहुणा एसटीतून उतरला की पहिलं पाणी गुरुजींकडंच पितो आणि पहिला प्रश्नही त्यांनाच विचारतो. गुरुजींनी जन्मभर या प्रश्नांची उत्तरं दिली. मुलगी कुणाचीही असो, उत्तर ठरलेलं: गरीब गाय हाय, मान वर करून चालत न्हाय, आवाज दाराबाहेर येत न्हाय. मुलगा असला तर, सुपारीच्या खांडाचं बी यसन न्हाय. हे वाक्य त्यांनी एकदा म्हटलं तेव्हा तो मुलगा त्यांच्याच घरामागच्या लिंबाखाली झिंगून आडवा पडला होता, असं सांगतात. कुणाकडून कपभर चहाची अपेक्षा न ठेवता ते हे करत. गावातल्या निम्म्या चुली गुरुजींच्या शब्दावर पेटल्या, असं लोक म्हणायचे आणि ते खरंच होतं.

मी त्यांना आधी जाऊन सांगितलं होतं. "गुरुजी, मुंबईहून फोन येईल. नोकरीच्या कामाचा आहे. जे आहे ते सांगा."

"माज्यावर सोड," ते म्हणाले. "आजवर आपल्या शब्दावर एक सोयरीक मोडली न्हाय."

त्या शब्दालाच मी सावध व्हायला हवं होतं. पण माणूस आनंदात असला की त्याला कानांनी ऐकू येत नाही.

फोन सकाळी आला. दुपारी गुरुजी टोपी घालून स्वतः आमच्या घरी आले. त्यांच्या चालण्यावरूनच कळत होतं की काहीतरी मोठं काम करून आलेत. आईनं घाईनं चहा टाकला. अण्णा गोठ्यातून हात पुसत आले.

"काम फत्ते," गुरुजी बाजेवर बसत म्हणाले. "लई वेळ बोलल्या बाई. पर म्या कुठं बी आडकलो न्हाय."

"काय विचारलं?" मी म्हटलं.

"इचारलं, कामाचा ताण आला तर कशी वागते? म्या सांगितलं, गप बसते. मग इचारलं, कुणासंगं मतभेद झाले तर? म्या सांगितलं, बाई, मतभेद व्हायला आदी मत आसावं लागतं. आमच्या पोरीला तसलं काय बी न्हाय."

मी अण्णांकडं बघितलं. अण्णा शेळीकडं बघत होते.

"आन एक खोच हुती," गुरुजी पुढं सरकून हळू आवाजात म्हणाले. "त्या म्हणल्या, ग्रामसभेत अभ्यासिकेवरून लई भांडली म्हणं? म्या तवाच वळखलं, कुणीतरी चहाडी केलीय. म्या काय कच्च्या गुरूचा चेला हाय का? म्हणलं, छ्या! आसलं काय बी झालं न्हाय. जळणारी माणसं कुठं नसतेत? तुमी खुशाल निश्चिंत ऱ्हावा."

आईनं त्यांच्या चहात साखर जास्तच घातली होती. ते फुरके मारत पीत होते आणि मला त्यांच्या पाया पडावं की डोकं आपटून घ्यावं हे कळत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर इतका निखळ आनंद होता की मी फक्त "बरं झालं गुरुजी" एवढंच म्हटलं. दारातून त्यांची पाठ दिसेनाशी झाल्यावर मी ओसरीवर फतकल मारून बसले आणि चक्क रडले. अक्काचा हात चिकात तसाच थांबला होता.

थोड्या वेळानं मुंबईच्या बाईंचाच फोन आला. सभ्य बाई. आवाज चढवला नाही. "तुमच्या अर्जात एक गोष्ट लिहिलेली आहे," त्या म्हणाल्या, "मुलाखतीत तुम्ही ती सविस्तर सांगितलीत, आणि तुम्हीच दिलेल्या गृहस्थांनी ती घडलीच नाही म्हणून सांगितलं. साहेबांना तुमची मुलाखत आवडली होती, म्हणून मी स्वतः विचारतेय. खोटा अर्ज आम्ही चालवून घेऊ शकत नाही, हे तुम्हाला सांगायला नको."

मी त्यांना समजावू लागले की गुरुजी चांगलंच बोलत होते, आमच्याकडं चांगलं म्हणजे असंच बोलतात. त्या शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे ते खोटं बोलले?" ज्यांनी मला मुळाक्षरं शिकवली त्यांना मी फोनवर खोटं कसं म्हणू? एसटीत कंडक्टरला निरुत्तर करणारी मी, ऐनवेळी खरोखरच गरीब गाय झाले. बाई म्हणाल्या, "आज ऑफिस सुटेपर्यंत कुणी प्रत्यक्ष पाहिलेलं माणूस बोललं तर बघू, पण घरचं किंवा मित्रमंडळींतलं नको." एवढी एकच फर्म मला बोलवायला तयार झाली होती, आणि आता तिच्या लेखी मी खोटारडी ठरत होते. नकार मिळाला असता तर मी पचवला असता. हे पचण्यातलं नव्हतं.

म्हटलं, दोस्त साक्ष देत नाहीत तर दुश्मनाला बोलवावं. मी थेट सरपंचांकडं गेले. गावात त्यांना सगळे तात्या म्हणतात. ते दारात खुर्ची टाकून बसले होते.

"तात्या, तुम्ही मला भर सभेत तोंडाळ कारटी म्हणालात. तेवढं फक्त मुंबईच्या एका बाईंना फोनवर सांगा."

तात्या दचकले. "म्या? आगं, म्या तुजी नालस्ती करू? त्ये बी परक्या गावच्या बाईम्होरं?"

"नालस्ती नाही तात्या, खरं तेच सांगायचंय."

"खरं-खोटं आपल्या येशीच्या आत. भांडण आपलं हाय. येशीच्या भाईर तू गावची लेक हायेस." मग त्यांना माझी दया आली असावी. "फोन लावच तू. म्या सांगतो, लई गुणाची पोर हाय. कधी एका शब्दानं..."

मी फोन पाठीमागं लपवला. हात जोडून त्यांना विनंती केली की कृपा करून चांगलं काही बोलू नका. सोयाबीनच्या पोत्यांवरून जो माणूस माझ्याशी वर्षभर बोलला नव्हता, तोसुद्धा माझी अब्रू वाचवायला कंबर कसून तयार होता. सगळं गाव माझ्या बाजूनं उभं राहिलं होतं, आणि त्यामुळंच मी बुडत होते. ग्रामसभेचा वृत्तांत मिळतो का म्हणून चौकशी केली, तर ग्रामसेवक सुट्टीवर, आणि फोनवर त्यांनी सांगितलं की लिहिलंय एवढंच, 'अभ्यासिकेबाबत चर्चा झाली'.

घरी आले तर अक्का हात धुऊन, पदर डोक्यावर घेऊन उभी. "चल," ती म्हणाली, "गुरुजींकडं." आई म्हणाली, तू कशाला? ती चपला घालून निघालीसुद्धा. लग्नानंतर चारचौघांत ती तशीही कमीच बोलायची. आम्हाला वाटायचं, वयानं पोक्त झाली.

गुरुजी ओट्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं. अर्ज, मुलाखत, साहेबांचं हसणं, बाईंचा फोन. त्यांना पहिल्यांदा पटेचना.

"भांडखोर पोरगी पायजे त्यांना?" ते म्हणाले. "ठेवून घ्यायला?"

"हो गुरुजी. कामच ते आहे."

"पोरी, नोकरी आसू दे न्हायतर सोयरीक. माणूस घरात घेताना लोक एकच बघतेत, डोक्याला ताप व्हनार न्हाय ना."

"गुरुजी, तुम्ही परत फोनवर बोला. सकाळचं चुकून सांगितलं म्हणा."

त्यांचा चेहरा उतरला. "जल्मभर म्या एकदा दिलेला शब्द फिरवला न्हाय," ते म्हणाले. "उद्या चार लोकांत झालं की गुरुजी आज एक सांगतेत, उद्या एक, तर फुडच्या पोरींचं काय? माज्या शब्दाला किंमत हाय म्हणून त्यांची लग्नं व्हतेत."

हे खरंच होतं, आणि म्हणून मला जास्त राग आला. "पण गुरुजी, तुम्ही सांगितली ती मुलगी मी नाहीच."

"आसती कुठं?" गुरुजी म्हणाले. "तसली पोरगी म्या बी कधी बगितली न्हाय. म्हणून तर सांगावं लागतं."

मला हसू आलं आणि हसू आल्याचा आणखी राग आला. वादात हाताला लागेल तो दगड उचलायची माझी सवय; तसा मी उचलला. "अक्काच्या वेळी काय सांगितलं होतं मग?"

"त्येच की. आन काय वाईट झालं तिचं? सोन्यासारखा संसार हाय. इचार तिला."

अक्का ओट्याच्या कडेला बसली होती. मला वाटलं ती नेहमीसारखी मान हलवेल.

"न्हाय, वाईट न्हाय झालं गुरुजी," ती म्हणाली. "माणसं चांगली हायेत. लग्न होऊन म्हयनाबी झाला नसंल, जेवताना कायतरी इषय निघाला, जमिनीच्या वाटणीचा. मामंजी चुकीचं सांगत हुते. म्या म्हणलं, तसं नसतंय, कायदा येगळा हाय. सगळी माज्याकडं बघाया लागली. सासूबाई रागावल्या न्हायत. त्यांना नवल वाटलं. म्हणल्या, अगं बया, गुरुजी तर म्हणले हुते, पोरगी बोलत न्हाय."

गुरुजींचा हात टोपीकडं गेला.

"तवापासनं म्या बोलले न्हाय," अक्का म्हणाली. "कुणी गप केलं न्हाय मला. तुमाला खोटं पाडू वाटंना."

मी हे पहिल्यांदा ऐकत होते. शाळेत असताना वक्तृत्वाच्या स्पर्धेत गुरुजींनीच तिला उभं केलेलं, आणि एकदा मार्कांवरून ती भर वर्गात त्यांच्याशीच भांडलेली. आमच्या घरात वकील व्हायचं आधी तिच्या डोक्यात आलं होतं. मी लहान होते, तिचं बघून तेच म्हणायला लागले. मग तिचं लग्न झालं आणि ते म्हणणारी मी एकटीच उरले. इतकी वर्षं मी तिच्याच जागेवर बसले होते आणि वर तिलाच मेल वाचून दाखवत होते. मला तिथं फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं तरी काय करावं हे सुचलं नाही.

गुरुजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "लाव फोन."

मी फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा करून मधे ठेवला. गुरुजींनी घसा खाकरला. त्यांचे कान तांबडे झाले होते. समोरून शेवटची एसटी येऊन थांबली, तर ती जाईपर्यंत ते थांबले, कुणी ऐकू नये म्हणून.

"बाई, सकाळी म्या बोललो ते... ते खरं न्हवतं," ते पुटपुटले. "ग्रामसभेत ही भांडली. आमच्या डोळ्यांदेखत. सरपंच बी हारला. ही पोरगी भांडते."

"आवाज नीट येत नाहीये," त्या बाई म्हणाल्या. "पुन्हा सांगता का?"

दोन दिवसांनी त्यांची मेल आली, त्यात 'परंतु' नव्हतं, आणि त्या सुट्टीत मी मुंबईला गेले. पण त्या संध्याकाळी ओट्यावर यातलं काही माहीत नव्हतं. गुरुजी माझ्याकडं केविलवाणे होऊन बघत होते. एकदा बोलायलाच त्यांना जन्म गेला होता.

अक्काच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता, तो तिनं परत घेतला नाही. "गुरुजी, मोठ्यानं सांगा," ती म्हणाली. "आन माजं बी सांगा."

गुरुजींनी तिच्याकडं बघितलं. मग वर्गात पाढे म्हणून घ्यायचे त्या आवाजात म्हणाले, "बाई, ही पोरगी लई भांडते! आन हिची थोरली बहीण हिच्याहून जास्त भांडायची. तवा बी म्या न्हाय म्हणूनच सांगितलं हुतं."

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. बाई गोंधळल्या होत्या. "मोठ्या बहिणीचं मला काही दिसत नाहीये," त्या म्हणाल्या. "त्यांनी अर्ज केला होता का?"

अक्कानं पुढं होऊन फोन हातात घेतला.

"न्हाय बाई," ती म्हणाली. "ऱ्हाऊन गेला."